पवनचक्कीची टोपी

१

पवनचक्कीची टोपी गेल्याचं पहिल्यांदा हाफिजाबाईंच्याच लक्षात आलं. अण्णासाहेबांच्या दृष्टीने त्याहून वाईट दुसरं काही होऊ शकलं नसतं.

२००९च्या एप्रिलमधला पहिला शुक्रवार होता. धैदच्या त्या जुन्या शेतावर सकाळीच ऊन तापू लागलं होतं. खाटांवर अंथरलेल्या प्लास्टिकवर कुरडया आणि सांडगे ओळीने वाळत होते. अण्णासाहेबांचा पापड-मसाल्याचा कारखाना शारजा औद्योगिक क्षेत्रात, दोन गॅरेजांच्या मधोमध. तिथे गच्चीवर काही वाळत घालावं तर शेजारच्या वेल्डिंगची काजळी त्यावर येऊन बसे. म्हणून गेल्या वर्षी त्यांनी हे शेत भाड्याने घेतलं होतं. मालकीण हाफिजाबाईंची अट एकच होती. पवनचक्कीला हात लावायचा नाही.

चक्की तशी मोडकीच होती. चार पायांचा लोखंडी मनोरा, त्यावर गंजलेलं मोठं चाक, चाकाची काही पाती गळलेली, मागे पत्र्याचं शेपूट. या सगळ्याच्या वर, एका उभ्या पाइपच्या टोकावर, नारळाएवढा काळपट घुमट होता. हाफिजाबाईंचे वडील त्याला चक्कीची टोपी म्हणत. विहीर आटली, चाक थांबलं, वडील गेले, तरी टोपी होती. हाफिजाबाई शेतावर आल्या की सलाम-दुवा करण्याआधी वर बघत.

आजही त्यांनी गाडीतून उतरून वर बघितलं, आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या.

"अण्णासाब, मेरे बाबा की टोपी किधर है?"

अण्णासाहेबांचा हात नकळत स्वतःच्या टकलावर गेला. मग त्यांनीही वर पाहिलं. पाइपचं टोक बोडकं होतं.

विहिरीच्या काठावर विद्युल्लता पाण्याची बाटली भरत उभी होती. औद्योगिक क्षेत्रातल्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती रसायनतज्ज्ञ होती. अण्णासाहेबांना विहिरीचं पाणी वापरता येईल का ते बघायचं होतं, म्हणून सुट्टीच्या दिवशी दुबईतल्या अल बर्शाहून मुद्दाम आली होती. तिने बाटलीला बूच लावलं, त्यावर तारीख लिहिली, आणि मगच ती चक्कीकडे गेली.

हाफिजाबाई मनोऱ्याच्या पायथ्याकडे बोट दाखवत होत्या. तिथल्या चौथऱ्याला नुकताच चुना दिलेला होता. त्या पांढऱ्यावर बोटांचे लाल-तपकिरी ठसे उमटले होते. चौथऱ्याभोवतीची वाळू कोणीतरी उकरलेली दिसत होती.

"खून," हाफिजाबाई म्हणाल्या. "चोर का हाथ कटा है. तांबा था, बेच दिया होगा. और ऊपर चढ़ता कौन है, मुझे मालूम है."

सगळ्यांच्या नजरा दर्शनकडे वळल्या. तो त्याच्या खोलीच्या दारात उभा होता, कोपरापर्यंत काळं ग्रीस माखलेला. सव्वीस वर्षांचा पोरगा. दुबईत एका टॉवरवर साइट इंजिनियर होता. मंदीत टॉवर अर्धाच राहिला आणि नोकरी गेली. अण्णासाहेबांनी आपल्या कंपनीचा व्हिसा देऊन त्याला शेतावर राखणीला ठेवलं होतं.

"कल मग़रिब तक, सूरज डूबने तक," हाफिजाबाई म्हणाल्या. "टोपी वापस, नहीं तो पुलिस. और ज़मीन भी ख़लास."

पोलिसात नाव गेलं की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की दर्शन परत सांगलीला, कपाळावर चोरीचा शिक्का घेऊन. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

गाडी गेल्यावर अण्णासाहेब खाटेच्या कडेवर बसले. त्यांच्या बुडाखाली चार कुरडया मोडल्या, तेही त्यांना कळलं नाही. "ताई, तुम्ही सायन्सवाल्या. काहीतरी करा."

विद्युल्लता दर्शनकडे वळली. "तू घेतलीस का?"

"नाही," तो म्हणाला. मग खाली बघत हळूच म्हणाला, "पण गेली ती माझ्यामुळेच, ताई."

२

तिने त्याला सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि ती गप्प बसली. लोकांना शांतता फार वेळ सोसत नाही, हा तिचा अनुभव होता.

"सगळे समजतात मी मोबाइलच्या रेंजसाठी चढतो," दर्शन म्हणाला. "सुरुवातीला तसंच होतं. मग वरची गिअरपेटी उघडून बघितली. ताई, आत सगळं शाबूत आहे. नुसतं तेल नव्हतं. मी साफ केलं, ग्रीस भरलं. पाडव्याच्या आदल्या दिवशी चाक हललं. पूर्ण फेरा घेतला त्याने."

"हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं."

"माहितीये. पण रोज समोर एक मशीन बंद पडलेलं बघायचं, आणि आपण पण..." त्याने वाक्य सोडून दिलं. "पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी दिसली नाही. चाक फिरल्याने हादरा बसून पडली असणार. सगळी वाळू उकरली. नाही सापडली. बाईंना काय सांगू? चोरली नाही, पण तुमचं ऐकलंही नाही, असं?"

"आधी वर जाऊन बघू," विद्युल्लता म्हणाली.

अण्णासाहेबांनी हात जोडले. "तुम्ही? अहो, शोभना मला घरात घ्यायची नाही."

"शोभनाताईंना सांगू नका." तिने ओढणी कमरेला बांधली.

शिडी मनोऱ्याच्या आतून जात होती. पायऱ्यांचा गंज तळहाताला चिकटत होता, पण खालचं लोखंड भक्कम होतं. वर गेल्यावर वारा एकदम अंगावर आला. एका बाजूला फुजैऱ्याकडचे डोंगर, दुसरीकडे लालसर वाळू आणि शेजारच्या रोपवाटिकेच्या फाटक्या हिरव्या जाळ्या. दुबईतल्या नव्या वसाहतींना तिथून हिरवळ आणि खजुराची झाडं जात. वसाहतीच थांबल्या, तशी रोपवाटिकाही दिवाळीनंतर ओस पडली होती.

शेपटाच्या पत्र्यावर कधीकाळी अक्षरं होती, आता रंगाचे पोपडे उरले होते. मागोमाग चढलेल्या दर्शनने चाकाला ब्रेक लावला. गिअरपेटीचं झाकण नव्या ग्रीसने चमकत होतं. तिने पाइपचं टोक निरखलं. टोकाखाली हिरवं कडं होतं, तांब्याचा गंज वर्षानुवर्षं ओघळून झालेलं. त्या कड्याखाली जाड तार होती, पाइपला वेटोळं घातलेली, आणि तिचं सुटं टोक नीट वळवून बाजूच्या कठड्याला अडकवलेलं.

"ही तार तू सोडलीस?"

"नाही. मी टोपीला हातच लावला नव्हता."

"मग हादऱ्याने पडली नाही ती," विद्युल्लता म्हणाली. "हादऱ्याने तार तुटते. कोणाच्या पायात जाऊ नये म्हणून स्वतःहून कठड्याला अडकून बसत नाही."

आठवड्याभरात पहिल्यांदा दर्शनचे खांदे जरा खाली आले.

तारेच्या वेटोळ्यात काहीतरी चमकलं. टोपीच्या काठाखाली, जिथे ऊन कधी पोचलंच नसेल अशा जागी, केसाएवढ्या बारीक सोनेरी धाग्यांचा एक झुपका दबून बसला होता. तिने तो चिमट्याने काढला आणि नमुन्याच्या पिशवीत टाकला. धाग्यांना नखाने दाबलं की ते वाकत होते, आणि वाकलेलेच राहत होते. म्हणजे धातू. त्यांच्याभोवतीचं कापड केव्हाच झडलं होतं.

खाली आल्यावर तिने अण्णासाहेबांकडे लिंबू मागितलं.

"सरबत करू?"

"नको, नुसतं लिंबू."

चौथऱ्यावर ठसे जोडीजोडीने होते. एक बोट, त्याच्या शेजारी दुसरं. तिने दोन्हींवर लिंबू पिळलं. चुना किंचित फसफसला. उजवा ठसा तसाच लाल राहिला. डावा मात्र बघता बघता फिकट झाला, आणि मग चक्क पिवळा.

अण्णासाहेब वाकून बघत होते. "हे कसलं रक्त?"

"रक्त नाहीच हे," विद्युल्लता म्हणाली. "पिवळं झालं ती हळद. चुन्यावर पडली की लाल होते, आंबट लागलं की परत पिवळी. आणि शेजारी बाजारचं, रंगाचं कुंकू. अण्णासाहेब, तुमच्या चोराने चोरीच्या आधी चक्कीची पूजा केली."

३

सुजीत हा अण्णासाहेबांचा पुतण्या. भंगारचा व्यापारी. चक्की मोडीत काढा म्हणून वर्षभर काकांच्या मागे लागलेला. शिवाय पाडव्याला अण्णासाहेबांनी मराठी मंडळींना शेतावर जेवण दिलं होतं, तेव्हा तोही तिथे होता. दुपारी विद्युल्लता त्याच्या यार्डात पोचली, तेव्हा त्याच्या उजव्या हाताला पट्टी होती.

"बघा, सगळे माझा हातच बघतात," सुजीत म्हणाला. "एसीचा पत्रा लागला, काकू. परवा. पाडव्याला हात धडधाकट होता, विचारा कोणालाही. सहा वाट्या श्रीखंड याच हाताने खाल्लंय."

काकू हा शब्द विद्युल्लताने सोडून दिला. "तुला ती चक्की हवी होती ना?"

"हवी होती, मागच्या वर्षी. तेव्हा तांब्याला सोन्याचा भाव होता. आता विचारतं कोण? माझ्याकडे तांब्याची केबल पडून आहे, कुलूपसुद्धा लावत नाही." त्याने यार्डाकडे हात फिरवला. "आणि ती टोपी किती, किलोभर? तेवढ्यासाठी त्या शिडीवर? माझं लग्न व्हायचंय अजून."

बोलणं उडाणटप्पूचं होतं, पण हिशेब बरोबर होता. हात कापल्याचा मुद्दा तर हळदीनेच निकालात काढला होता. निघताना तिने पिशवीतला सोनेरी झुपका त्याला दाखवला.

सुजीतने तो उजेडात धरला. "जर आहे. खरी, जुनी. तांब्याच्या तारेवर चांदी आणि वर सोन्याचं पाणी. हल्ली प्लास्टिक येतं. कोणाचा शालू फाडलात?"

तिथून ती शारजातच हाफिजाबाईंच्या घरी गेली. बाईंनी तिला बैठकीत बसवलं, गहवा, म्हणजे अरबी कॉफी, आणि खजूर पुढे केले. पाहुणीवर राग काढण्याची त्यांच्याकडे रीत नव्हती. विद्युल्लताने चोराबद्दल अवाक्षर काढलं नाही. चक्की कशी आली, एवढंच विचारलं.

बाईंचा चेहरा सैल पडला. त्यांच्या हिंदीत मुंबईचा सूर होता. वडील मुंबईला खजूर घेऊन जात आणि लहानपणी त्यांनाही नेत.

"तैंतीस साल हुए, मैं नौ-दस साल की थी. चक्की जहाज़ से आई, टुकड़े-टुकड़े. साथ में बंबई का एक उस्ताद. बाबा उसको राजा बुलाते थे. दुबला-पतला, हँसता था, हमारे साथ ज़मीन पर बैठकर खाता था. जिस दिन पहिया घूमा, उस दिन सुबह वो नहा-धोकर ऊपर चढ़ा, और ऊपर टोपी रखी. चमचम करती थी. नीचे से सूरज जैसी दिखती थी. दोपहर को पानी आया."

"आणि मग?"

"शाम को वो फिर ऊपर जाने लगा, टोपी उतारने. बाबा ने उसका पैर पकड़ लिया." बाई हसल्या. "सच में, पैर. बोले, उस्ताद, रहने दो, इसी से पानी आया है. वो बहुत परेशान हुआ. कुछ समझाता रहा. पर बाबा की आँख में पानी था. वो मान गया. दूसरे दिन कंपनी ने उसको दूसरी जगह भेज दिया."

विद्युल्लताने कप खाली ठेवला. हातातली गोष्ट जवळजवळ पूर्ण झाली होती, पण अंदाजाला पुरावा म्हणायची तिला सवय नव्हती.

"त्या दिवशी उस्तादने तुम्हाला काही दिलं होतं का?"

हाफिजाबाईंनी चमकून तिच्याकडे पाहिलं. "तुमको कैसे मालूम? हार दिया था. सफ़ेद, बड़े-बड़े फूल, धागे में. मैंने गले में पहना, पहनकर ही सो गई. सुबह पूरा बिस्तर चींटी ही चींटी." त्यांनी गळ्याला हात लावला. "शक्कर का था."

४

अल बर्शाच्या घरी तिची मुलगी अवनी टीव्हीसमोर होमवर्क करत होती.

"अवनी, पाडव्याचे फोटो लॅपटॉपवर टाकलेस?"

"Long back, Aai. Nobody looked at them."

विद्युल्लता फोटो बघायला बसली. दुपारची पंगत, पानावर श्रीखंड, अण्णासाहेबांच्या हातात वाढप्याचा चमचा. मागे चक्की, आणि चक्कीवर टोपी. तिने चित्र मोठं केलं. इतकी वर्षं सगळ्यांनी तिला घुमट म्हटलं, टोपी म्हटलं, कारण यंत्रावर यंत्राचाच भाग असणार असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. घुमटाच्या खाली गळा होता, गळ्याखाली बाहेर वळलेला काठ. घरोघरी पाटावर असतो तसा तांब्या. फक्त पालथा. काठीवर पालथा तांब्या, खाली जरीचं वस्त्र, साखरेची गाठी.

एका मराठी माणसाने पाडव्याच्या सकाळी वाळवंटात गुढी उभारली होती, आणि ती तेहतीस वर्षं उतरवायची राहिली होती.

तांब्या कोणी उतरवला, एवढाच प्रश्न आता उरला होता. खालून तो काळा गोळा दिसत असे. वर्षभर खाली पापड वाळवणाऱ्या बायकांना, स्वतः अण्णासाहेबांना, शेजारून रोज चढउतार करणाऱ्या दर्शनलासुद्धा तो तांब्या वाटला नाही. म्हणजे नेणाऱ्याला ते आधीपासून माहीत होतं.

"हा शेवटचा ग्रुप फोटो कधीचा?"

"After housie. Darshan dada clicked it. Everybody was blinking."

सूर्य कलल्यावरचा फोटो. पाइपचं टोक बोडकं. म्हणजे टोपी गेली ती जेवण आणि हा फोटो यांच्या मधल्या वेळात, तीस माणसांच्या देखत. मधल्या वेळात हाऊसी झाली होती. अण्णासाहेब माइकवर आकडे पुकारत होते आणि सगळे माना खाली घालून आपापल्या तिकिटाकडे बघत होते. तीस मराठी माणसं एकाच वेळी गप्प आणि खाली बघणारी अशी दुसऱ्या कशाने मिळाली असती?

तिने पहिल्या रांगेपासून एकेक चेहरा बघितला. सुजीत डोळे मिटलेला. शोभनाताई पदर सावरताना. खुर्चीवर उर्मिलाकाकू, शारजातल्या रोल्लात राहणाऱ्या दत्तप्रसादची आई, मुलाकडे व्हिजिटवर आलेली. त्यांच्या मांडीवर खणात बांधलेलं काहीतरी गोल होतं, आणि दोन्ही हात त्यावर होते, झोपलेल्या बाळावर असावेत तसे. मागे दत्तप्रसाद. पांढरा, कडक इस्त्रीचा कुर्ता. बँकेत असल्यासारखाच वागणारा माणूस. आणि त्या कुर्त्यावर छातीपासून पोटापर्यंत गंजाचे आडवे पट्टे, शिडीच्या पायऱ्यांसारखे.

शनिवारी सकाळी ती रोल्लात दत्तप्रसादच्या दारात उभी होती. खाली बस स्टँडचा गोंगाट, जिन्यात फोडणीचा वास. दार उर्मिलाकाकूंनी उघडलं. हॉलमध्ये अर्ध्या भरलेल्या बॅगा होत्या. टीव्हीवर एका हसऱ्या, सडपातळ माणसाचा फोटो, फोटोला चंदनाचा हार. आणि त्या फोटोसमोर, चिंच लावून घासलेला, लख्ख लालसर तांब्या.

"हे माझे यजमान, राजाभाऊ," काकू म्हणाल्या. "चहा घेशील ना?"

"काकू, उद्या निघताय?"

"आज रात्रीचं विमान आहे. का गं?"

५

सूर्य मावळायच्या बराच आधी विद्युल्लताची गाडी शेतावर पोचली. मागच्या सीटवर उर्मिलाकाकू खणातलं गाठोडं घेऊन बसल्या होत्या आणि दत्तप्रसाद रुमालाने मान पुसत होता.

"आईला म्हटलं होतं मी, विचारू या," तो पुन्हा म्हणाला.

"विचारलं होतं," काकू म्हणाल्या. "अण्णासाहेबांनाच विचारलं. आमचा तांब्या घेऊन जाते हं, म्हटलं. माइक तोंडाशी होता त्यांच्या. न्या हो न्या, म्हणाले, आणि लगेच टू फॅट लेडीज, अठ्ठ्याऐंशी."

अण्णासाहेबांनी कपाळावर हात मारला. "मला वाटलं जेवणाचा! तुम्ही मसालेभात आणला होतात ना त्यातला!"

"मसालेभात कोणी तांब्यातून आणतं का?" शोभनाताई म्हणाल्या.

हाफिजाबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. दर्शन खांबाला टेकून उभा होता, त्याने स्वच्छ शर्ट घातला होता. आपल्याला न्यायला येतील तेव्हा नीट दिसावं, एवढ्यासाठीच घातला असावा.

विद्युल्लताने थोडक्यात सांगितलं. तार कापलेली नव्हती, सोडलेली होती. चोर तार कापतो. ठसे रक्ताचे नव्हते, हळदीकुंकवाचे होते. टोपीखाली जर होती. साखरेचा हार होता. म्हणजे ही टोपी नव्हे, आमच्या वर्षाच्या पहिल्या दिवशी उभारतात ती गुढी, आणि उस्ताद राजा ती संध्याकाळी उतरवायला निघाला होता, कारण ती उतरवायचीच असते. सूर्य मावळायच्या आत. त्याला थांबवलं गेलं. हे त्याच्या घरात फक्त एका माणसाला माहीत होतं.

उर्मिलाकाकूंनी गाठोडं सोडलं. तांब्या उन्हात झळकला. हाफिजाबाई उठून उभ्या राहिल्या. लहानपणी खालून बघितलेली ती चमक त्यांनी ओळखली.

"दर पाडव्याला घरची गुढी उतरवताना म्हणायचे," काकू मोडक्यातोडक्या हिंदीत सांगू लागल्या. मध्येच मराठीत घसरल्या तरी कोणाला अडलं नाही. "एक ऊपर रह गयी. म्हातारा इतका खुश होता, त्याच्या तोंडावर नाही म्हणवलं नाही मला. जाताना शेवटच्या आजारात पण तेच. मी त्या दिवशी इथे जेवायला आले, वर बघितलं, आणि घास उतरेना. दत्ताला म्हटलं, चढ. तो म्हणाला, आई, माझं वजन बघ. मी म्हटलं, वडिलांचं काम आहे, चढ."

"पण दुसऱ्याच्या शेतावरून—" अण्णासाहेब चाचरले.

"माझाच आहे तो," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी तांब्या हाफिजाबाईंच्या हातात दिला. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव होतं. सौ. उर्मिला राजाराम. "माझ्या आईने लग्नात दिला. ते परदेशी निघाले तेव्हा पाणी प्यायला मी दिला त्यांना."

हाफिजाबाईंनी त्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. त्यांना अक्षरं वाचता येत नव्हती, पण नाव आहे हे कळलं. इतकी वर्षं त्यांच्या बाबांच्या चक्कीवर एका बाईचं नाव होतं, आणि त्या बाईचा तांब्या तिच्या घरी नव्हता.

अण्णासाहेबांनी घड्याळाकडे बघायचं टाळलं.

"बाबा ने रोका था," शेवटी हाफिजाबाई म्हणाल्या. "ग़लती हमारी थी. पर उर्मिलाबेन, उतार दिया तो अब ऊपर क्या रहेगा?"

"उतारा नहीं तो फिर चढ़ाएँगे कैसे?" काकू म्हणाल्या. "दरसाल नवीन चढवायची असते. एकच वर ठेवली तर नवं वर्ष येणार कुठून?"

हाफिजाबाई हसू लागल्या. ओठांवर हात ठेवून, पोरीसारख्या.

मग दर्शन पुढे आला. न विचारता म्हणाला, "मॅडम, मैंने हाथ लगाया था. टोपी को नहीं. मशीन को." आणि गिअर, ग्रीस, पाडव्याच्या आदल्या दिवशी चाकाने घेतलेला फेरा, सगळं सांगून मोकळा झाला.

बाईंचं हसू थांबलं. "घूमता है?"

"घूमता है. पर पानी..."

"पाणी आहे," विद्युल्लता म्हणाली. तिने काल दोरी टाकून विहिरीची पातळी मोजली होती आणि बाटली तपासली होती. "शेजारची रोपवाटिका रात्रंदिवस पंप लावून उपसत होती. ती बंद पडल्यापासून पाणी वर येतंय. पूर्वीइतकं नाही, आणि थोडं खारट आहे. पापडाच्या पिठात घालू नका, पण खजुराला चालेल."

"पापडात मीठ वाचलं असतं," सुजीत पुटपुटला. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

हाफिजाबाईंनी दर्शनला नखशिखांत न्याहाळलं. त्याने हात मागे घेतले.

"खड़ा क्यों है?" त्या म्हणाल्या. "यल्ला. ब्रेक खोल."

तो चढला. चाक आधी करकरलं, थबकलं, मग वाऱ्याला लागलं. दांडा खालीवर होऊ लागला. पाइपमधून आधी नुसती हवा आली, मग गढूळ लाल थुंकी, आणि मग बोटभर धार. अण्णासाहेबांनी त्याच धारेने डोळे धुतले, म्हणजे धुतल्यासारखं केलं. काकूंचं विमान चुकू नये म्हणून विद्युल्लताने गाडी सुरू केली, पण हाफिजाबाईंनी काकूंचा हात सोडल्याशिवाय ती निघणार कशी?

पुढच्या वर्षी पाडवा मंगळवारी आला. तरी सगळ्यांनी रजा टाकल्या. उर्मिलाकाकू तांब्या घेऊन आल्या होत्या. दर्शनची नवी पाती चाकात बसली होती, आणि पलीकडच्या दोन शेतांतूनही त्याला बोलावणी येऊ लागली होती. सकाळी गुढी वर गेली, जरीच्या खणासकट. दिवसभर ती सूर्यासारखी चमकत राहिली.

संध्याकाळी अण्णासाहेबांची हाऊसी रंगात आली होती. माना खाली होत्या. एकट्या हाफिजाबाई खुर्ची पश्चिमेकडे वळवून बसल्या होत्या.

"उर्मिलाबेन," त्यांनी हाक मारली. "सूरज जा रहा है. उतारो."

दर्शनने तांब्या खाली आणला आणि काकूंच्या हातात दिला. काकूंनी गाठी सोडली. हाफिजाबाईंनी लहानपणीसारखी गळ्यात घालून घ्यायला मान पुढे केली. काकूंनी त्यातलं एक पदक मोडलं आणि त्यांच्या तोंडात घातलं.

"खाने का होता है," त्या म्हणाल्या.